सातशेच्या आत

माझे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, इतके नाकासमोर चालणारे की औषधाच्या बाटलीवर 'हलवून घ्या' लिहिलेलं असलं तर मोजून दहा वेळा हलवतील. ताईला या स्वभावाचा वैताग येतो आणि याच स्वभावावर तिचा संसार तेवीस वर्षं चाललाय.

त्यांचा एकच ट्रक होता, तोही जुना. खालून सिमेंट भरायचं आणि डोंगरावर चाललेल्या बांधकामावर पोचवायचं. बांधकामाच्या कंपनीने मध्येच फतवा काढला की जी गाडी चढाला पंचेचाळीस मिनिटांपेक्षा जास्त घेईल ती बंद, मागे रांगा लागतात. भाऊजींना तासभर लागायचा. पन्नाशी उलटलेल्या माणसाला दुसरीकडे कोण उभं करणार? ते गाडी घेऊन माझ्याकडे आले. "तू आहेस म्हणून काळजी नाही," म्हणाले.

वीस वर्षं मी टर्बोच्या इंजिनांची ताकद वाढवून देतो. डिझेल वाढवणं म्हणजे पंपाचा स्क्रू फिरवणं, ते कुणालाही जमतं. किती वाढवायचं नाही, हे कळायला अक्कल लागते. डिझेल जास्त जळलं की ताकद वाढते आणि बाहेर पडणारा धूरही तापतो. तो फार तापला की पिस्टन वितळायला लागतो आणि ड्रायव्हरला पत्ता लागत नाही. म्हणून धुराच्या वाटेत सेन्सर बसवायचा आणि ड्रायव्हरच्या डोळ्यासमोर मीटर.

हा सेन्सर टर्बोच्या आधी, इंजिनातला धूर गोळा करणाऱ्या नळीत, म्हणजे मॅनिफोल्डमध्ये बसवतात. तिथे खरं तापमान कळतं आणि सातशे ही तिथली हद्द. टर्बो फिरवून पुढे गेलेला धूर गार झालेला असतो, तिथे मीटर दीडशे अंश तरी कमी दाखवतं. पण मॅनिफोल्डला भोक पाडायचं तर ते उतरवावं लागतं, नाहीतर लोखंडाचा कीस टर्बोत जातो. भाऊजींच्या गाडीचे बोल्ट गंजून एकजीव झालेले, पाना लावला की तुटतील असे. दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीची चाचणी होती. म्हटलं, टर्बोच्या मागच्या पाइपात बसवू आणि भाऊजींना साडेपाचशेची मर्यादा सांगू. यात काही पाप नव्हतं. पुष्कळजण तसं करतात.

चावी देताना मी म्हणालो, "काटा सातशेच्या वर जाऊ द्यायचा नाही. सातशेला टेकायला आला की पाय उचलायचा."

जिभेला हाड नसतं म्हणतात, माझ्या जिभेला सवय होती. वीस वर्षं प्रत्येक ड्रायव्हरला मी हेच वाक्य ऐकवत आलो, त्यांनाही तेच ऐकवलं. त्यांनी मान डोलावली, "सातशे" असं दोनदा म्हटलं आणि गेले. मी हात धुतले, घरी जाऊन निवांत झोपलो.

चाचणीत गाडी त्रेचाळीस मिनिटांत वर पोचली. ताईने फोन करून माझं तोंडभर कौतुक केलं. आठ-दहा दिवसांनी भाऊजींचा फोन आला, "अरे, चढावर धूर जरा काळा येतो."

मी दुसऱ्या इंजिनात कोपरापर्यंत अडकलेलो. वैतागून म्हणालो, "चढावर येतोच थोडा. काटा कुठे असतो?"

"सातशेच्या आत."

"मग झालं तर." मी फोन ठेवला. तेव्हा तरी डोकं चालायला हवं होतं.

त्यानंतर पंधरा दिवसांनी ट्रक दुसऱ्या गाडीला बांधून माझ्या दारात आला. इंजिनचं हेड उघडलं. तिसऱ्या पिस्टनची कड मेणासारखी ओघळलेली, त्याचा दांडा तुटून इंजिनच्या ब्लॉकला हात जाईल एवढं भगदाड. जोडण्यासारखं काही उरलंच नव्हतं. कंपनीने दुपारपर्यंत त्यांच्या जागी दुसरी गाडी लावली होती.

भाऊजी शेजारी उभे होते. "मी एकदाही वर नेला नाही रे," म्हणाले. "सहाशे नव्वदलाच पाय उचलायचो. कुठे चुकलो ते सांग."

माझं लक्ष टर्बोच्या मागच्या पाइपाकडे गेलं. सहाशे नव्वद आणि दीडशे, म्हणजे आठशे चाळीस. रोज, तो अख्खा चढ. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, ती म्हण मी इतरांना फार वेळा ऐकवली आहे.

सगळं सांगितलं. सेन्सर कुठे बसवला, का बसवला, काय सांगायचं होतं आणि काय सांगितलं.

"म्हणजे मी बरोबर चालवत होतो?" त्यांनी विचारलं.

"अगदी बरोबर. सांगितलं तसंच."

त्यांना बरं वाटलं. ट्रक गेला, काम गेलं, आणि त्या माणसाला बरं वाटलं. मला ते बघवेना.

थोड्या वेळाने म्हणाले, "तुझ्या ताईला यातलं काही सांगायचं नाही. मी गाडी तापवली म्हणून सांगू."

"असं कसं, भाऊजी? चूक माझी आहे."

"माझ्यावर ती रोजच चिडते, त्याची तिला सवय आहे. तुझ्यावर चिडली तर तिला माहेर उरणार नाही. तुझ्याशिवाय आहे कोण तिला?"

मी नाही म्हणायला हवं होतं. खरं सांगायचं तर जीव भांड्यात पडला, आणि त्याची जेवढी लाज वाटायला हवी तेवढी वाटत नाही.

ते मला घरी घेऊन गेले. ताईने दोघांना जेवायला वाढलं. भाऊजींनी पहिल्या घासालाच सांगून टाकलं, की काटा सातशेच्या वर नेला, गाडी मीच तापवली. ताई भडकली नाही. तिने खुर्ची ओढली आणि बसली.

"त्याने एवढं जीव तोडून सांगितलं होतं," ती म्हणाली. "दुनियेला नियम शिकवता ना तुम्ही? एक आकडा पाळता आला नाही तुम्हाला?"

"चुकलं माझं," भाऊजी म्हणाले.

तेवीस वर्षांत आकडा न पाळल्याचा ठपका त्यांच्यावर पहिल्यांदाच आला होता. त्यांची मान ताटावरून वर येत नव्हती. मी घास हातात धरून बसलो होतो. ताईचं माझ्याकडे लक्ष गेलं, तिने माझ्या पाठीवर हात ठेवला.

"तू जेव," ती म्हणाली. "तुझा काय दोष त्यात?"

मी जेवलो.