पेटीचा उजवा हात

दालनात दोन पेट्या होत्या, गोट्या एकशे चौऱ्याहत्तर आणि माणसं सत्त्याऐंशी. यादीत नावं चौऱ्याण्णव. त्यांतले तिघे वारले होते, चौघे हजला गेले होते. जुन्या शहरात राहणारे एकवीस हजार, नव्या शहरात रशियन पाच हजार. नगरसभेच्या जागा चोवीस; त्यांतल्या सोळा नव्या शहराला, आठ जुन्याला. आज त्या आठांतली एक जागा भरायची होती, तूतली मोहल्ल्याची.

झुन्नून खोगीरवाल्याने हा हिशोब बाकावर बसल्या बसल्या केला. त्याला मोजल्याशिवाय चैन पडत नसे. कमरेला चामड्याची वादी, तिच्यावर बोटाबोटाला एक खाच. गेल्या उन्हाळ्यात, चिल्ल्याच्या, त्या चाळीस कडक उन्हाच्या दिवसांच्या, ऐन भरात, तीच वादी त्याने मोहल्ल्याच्या पाटात उभी धरली होती. पाणी चार बोटं. पाटाचं दार वरच्या अंगाला तिल्लाबायच्या कापूस कारखान्याजवळ होतं आणि तिथून पाणी आधी कारखान्याला, मग नव्या शहराच्या बागेला जाई. तूतलीला उरलेलं येई, तेही गढूळ. त्या उन्हाळ्यात गल्लीतून नऊ जनाजे निघाले. सहावा त्याच्या नातीचा, ओयशाचा.

म्हणून आज एकच गोष्ट व्हायला हवी होती: गल्लीतला ओकिलखान निवडून यायला हवा. दार किती उघडायचं ते सभा ठरवी, आणि दार चार बोटं जास्त उघडा असं सभेत उभं राहून सांगेन, असा शब्द ओकिलखानने दिला होता. त्याच्याविरुद्ध उभा होता खुद्द तिल्लाबाय.

दोघांच्या नावाची एकेक पेटी. पेटीला कापडी बाही, म्हणजे हात आत घातला की गोटी कुठे टाकली ते कुणाला दिसू नये. आत दोन कप्पे, एक होकाराचा, एक नकाराचा; प्रत्येकाने दोन्ही पेट्यांत एकेक गोटी टाकायची. पेट्यांच्या दर्शनी बाजूला सरकारचा सोनेरी दुतोंडी गरुड, मतदारांच्या रांगेकडे तोंड करून बसलेला.

रशियन अध्यक्ष काहीतरी बोलला. दुभाष्या शेरमतने त्याचं भाषांतर केलं, "उजवीकडे टाकली तर होकार, डावीकडे टाकली तर नकार."

झुन्नून उठला. "मुल्ला शेरमत, उजवीकडे म्हणजे कुणाच्या?"

"आता हे काय काढलंत, उस्ता?"

"अरे बाबा, खोगिरात भानगड नसते. घोडा आणि स्वार एकाच दिशेला बघतात, घोड्याचा उजवा तोच स्वाराचा उजवा. पण हा पक्षी माझ्याकडे तोंड करून बसलाय. याचा उजवा पंख माझ्या डाव्या हाताला येतो. तर उजवा माझा की याचा?"

रांगेत हशा पिकला. "उस्ता, पक्ष्यालाच विचारा, दोन तोंडं आहेत त्याला!" कोणीतरी ओरडलं.

पण प्रश्न खरा होता हे सगळ्यांना पटलं. पाहुणा समोर बसला की त्याच्या उजव्या हाताने मोजायचं, दस्तरखानावर पहिली वाटी त्याच्या उजवीकडून फिरवायची, ही तिथली रीत लहान पोरालाही ठाऊक. शेरमतने अध्यक्षाकडे पाहिलं. अध्यक्ष घड्याळाकडे पाहत होता. शेरमतने त्याला काही विचारलं नाही.

"पेटीचा उजवा," तो म्हणाला. "पेटी सरकारची आहे."

"ऐकलंत ना सगळ्यांनी? पेटीचा!" झुन्नूनने मागे वळून सांगितलं. मग त्याने ओकिलखानच्या पेटीत हात घातला, गोटी आपल्या डाव्या कप्प्यात टाकली. तिल्लाबायच्या पेटीत उजव्या. मागोमाग शहाऐंशी जणांनी हात घातले.

दुपारी पेट्या उघडल्या. अध्यक्षाने आकडे वाचले, शेरमतने सांगितले. ओकिलखान: होकार अकरा, नकार शहात्तर. तिल्लाबाय: होकार चौऱ्याहत्तर, नकार तेरा.

क्षणभर कुणाला कळेना. मग झुन्नून ओरडला, "उलटं मोजलं! आकडे बरोबर आहेत, नावं उलटी आहेत!"

"कायद्यात लिहिलंय, होकार उजवीकडे," शेरमत म्हणाला. "अध्यक्षसाहेब म्हणतात, मतदाराच्या उजवीकडे."

"मग सकाळी तुझ्या जिभेला काय झालं होतं? तूच म्हणालास ना, पेटी सरकारची!"

"मी दुभाष्या आहे, उस्ता, काजी नव्हे."

ओकिलखान शांत माणूस, पण त्याचाही चेहरा लाल झाला. "तिल्लाबाय, ते अकरा तुमचेच जावई आणि मेहुणे. तुमच्या घरच्यांनी मला मत दिलं आणि माझ्या गल्लीने तुम्हाला. हे तुम्हाला पटतं?"

तिल्लाबायने दाढीवरून हात फिरवला. "कायदा तो कायदा, ओकिलखान आका."

"मग साहेबाला सांग," झुन्नून शेरमतला म्हणाला. "गोट्या ठेवू दे बाजूला. आम्ही जिवंत आहोत, इथेच आहोत. ज्याला ओकिलखान हवा, त्याने उभं राहावं!"

माणसं उभी राहिली. झुन्नूनने एकेका पगडीवर बोट ठेवून मोजली: एक्काहत्तर. पाच जण आपल्या बुटांकडे पाहत बसून राहिले; ते तिल्लाबायच्या कारखान्याला कापूस विकत. उरलेल्या अकरांना कुणी पाहिलं नाही.

अध्यक्ष दोन वाक्यं बोलला आणि कागदावर सही करू लागला.

"साहेब म्हणतात, उभं राहणं हे मत नव्हे. तक्रार असेल तर सात दिवसांत लेखी द्या. रशियन भाषेत. भाषांतर खरं असल्याचा दाखला जोडून."

"दाखला कोण देतो?"

शेरमतने खाली पाहिलं. "दुभाष्या."

"म्हणजे तू!" झुन्नून दोन पावलं पुढे आला. "माझ्या नातीच्या तोंडात मी चमच्याने पाणी घातलं, शेरमत. ते पाणी चिखलासारखं होतं. ते लिहिशील रशियन भाषेत? खरं आहे म्हणून शिक्का मारशील?"

 शेरमतने पेट्या उचलून कपाटात ठेवल्या, गरुडांची तोंडं भिंतीकडे करून.

झुन्नूनने तक्रार दिली. एक्काहत्तर अंगठे आणि सह्या, पहिली त्याची. सातव्या दिवशी ती परत आली: दुभाष्याचा दाखला जोडलेला नाही.

यंदाच्या चिल्ल्याच्या विसाव्या दिवशी, सकाळच्या नमाजानंतर, तो पाटावर गेला. वादी पाण्यात उभी धरली, हलली तेव्हा पुन्हा धरली, मग तिसऱ्यांदा धरली. पाणी अडीच बोटं.