इस्तंबूल अर्धं युरोपात

तोताराम सरांनी ओट्याच्या शहाबादी फरशीवर खडूने मोठं वर्तुळ काढलं आणि अंगठ्याने एका जागी रेघ पुसून दार केलं.

"हे शेंगेन," ते म्हणाले.

"शेंगा?" शेजारची मयुरी म्हणाली. आठ वर्षांची ही पोर सुट्टीत सकाळपासून सरांच्याच ओट्यावर असायची.

"शेंगच समज. टरफल एक, आत दाणे पुष्कळ. जर्मनी, फ्रान्स, इटली. एकदा टरफलाच्या आत शिरलं की या दाण्यातून त्या दाण्यात जाताना कुणी अडवत नाही."

खुर्चीवरची रिद्धी हसली. शिंदखेड्याच्या शाळेत सरांनी तिलाही भूगोल असाच शिकवला होता. कापड दुकानवाल्या हस्तीमलशेठची ही मुलगी दोन वर्षं माहेरीच होती. नवरा जिनेश म्युनिकला नोकरीला. परवाच्या विमानाने ती सहा वर्षांच्या हिनाला घेऊन त्याच्याकडे निघाली होती, आणि तिलाच सोबत आणून सरांना कागद दाखवायला आली होती.

"नीट वाचून सांगा, सर. बाबूजी म्हणतात, शिक्का बसला ना, झालं."

सरांनी चष्मा पुसून तिचा पासपोर्ट उघडला.

"पंधरा दिवस राहायचं. आणि इथे बघ, प्रवेश किती? शून्य एक. म्हणजे एकदाच आत. आत हवं तेवढं हिंड. पण बाहेर पाय पडला की संपलं. दिवस शिल्लक असले तरी."

मयुरी दारातून वर्तुळात शिरली, दोन गिरक्या घेऊन बाहेर आली आणि पुन्हा आत पाय टाकणार, तोच सरांनी खडूने दार बुजवलं.

"आऊट?"

"आऊट."

"आणि मी?" हिनाने विचारलं.

सरांनी तिचा पासपोर्ट उघडला. तिथे आकडा नव्हता. कितीही वेळा, असं होतं. प्रकारही दुसरा, तिकडे राहायलाच जाणाऱ्यांचा.

"हिचा वेगळा आहे," ते सावकाश म्हणाले.

"हो, शाळेसाठी. हिनाचे पप्पा म्हणाले, मुलांचं आधी करतात, माझं मग करू. तिला तिकडे ठेवायच्या संमतीवर मी सही दिली ना."

सरांनी तिकिटं पाहिली. मुंबई ते म्युनिक. मग सहाव्या दिवशी म्युनिक ते इस्तंबूल, तिघांचं. नवव्या दिवशी परत म्युनिक, तिघांचंच. खाली तुर्कस्तानचा वेगळा व्हिसा जोडलेला. त्याखाली रिद्धीच्या अर्जाची प्रत, जिनेशने भरलेली. 'एकदा' आणि 'अनेकदा' असे दोन चौकोन, खूण 'एकदा'वर. सरांनी तारखा पाहिल्या. इस्तंबूलची तिकिटं अर्जाच्या अकरा दिवस आधी काढलेली होती.

"इस्तंबूलला काय आहे?"

"आमच्या लग्नाचा वाढदिवस. मी विचारलं होतं त्यांना, परत येताना काही अडणार नाही ना? तर हसले. म्हणाले, तुझ्या सरांनीच शिकवलंय ना, इस्तंबूल अर्धं युरोपात."

सरांनी खडू खाली ठेवला. तीस वर्षं त्यांनी ते वाक्य फळ्यावर लिहिलं होतं. वार्षिक परीक्षेत त्याला दोन गुण असत.

मग त्यांनी मयुरीच्या डब्यातून तीन चिंचोके घेतले, दोन मोठे, एक लहान, आणि वर्तुळात ठेवले. वर्तुळाबाहेर एक छोटा गोल काढला.

"हे इस्तंबूल. ने बरं तिघांना."

"सर, मी काय आता पाचवीत आहे?"

"ने तर खरं."

रिद्धी खाली बसली. तिने तिन्ही चिंचोके बाहेरच्या गोलात नेले.

"आता परत आण. कोण कोण येईल ते बघून आण."

पहिला मोठा चिंचोका तिने सहज आत ठेवला. जिनेश तिथलाच रहिवासी. मग लहान. तिसऱ्यावर तिचं बोट टेकलं आणि तिथेच राहिलं.

"तो आऊट शे," मयुरी म्हणाली.

रिद्धीने अर्जाची प्रत ओढून घेतली, मग तिकिटं, मग पुन्हा अर्ज. तारखांवरून तिचं नख दोनदा फिरलं.

"चूक झाली असेल त्यांची," ती म्हणाली.

"असेल," सर म्हणाले.

अकरा वाजले तसा फोन वाजला. रोज या वेळी जिनेश हिनाशी बोलायचा. रिद्धीने सवयीने स्पीकर लावला आणि फोन फरशीवर, वर्तुळाच्या कडेला ठेवला.

"झाली का तयारी?" जिनेशचा आवाज मोकळा होता.

"हिनाला ताप आहे," रिद्धी म्हणाली. "डॉक्टर प्रवास नको म्हणतात. तिला नानीकडे ठेवते. मी एकटीच येते."

पलीकडे कुठेतरी ट्रामची घंटा वाजली, विरली.

"मग तू तरी येऊन काय करणार?" तो म्हणाला.

हिनाने स्वतःच्या कपाळाला हात लावून पाहिला.

"मम्मी, मला कुठे ताप आहे?"

"आहे, बेटा," रिद्धी म्हणाली आणि वर्तुळातला लहान चिंचोका उचलून तिने मुठीत घेतला.