कोकराहून हलका तंबू

शिवहारनं पिशवीतून तंबू काढून पसरला, तेव्हा कौशल्याबाई तोंडाला पदर लावून हसली. "हे काय रे? कुणाच्या लेकराचं टोपरं उचलून आणलंस?"

"हास, हास. रातच्याला ह्याच्यातच निजशील, तवा बोलू," शिवहार म्हणाला.

नारिंगी रंगाचं तलम कापड, दोन लवचीक काड्या आणि मूठभर बारीक खिळे, एवढाच सगळा कारभार. काड्या कापडात ओवून वाकवल्या की ते टम्म फुगायचं. दाराला जाळी, जाळीला चेन. मोबाईलवर त्यानं पाहिलं होतं, शहरातली पोरं असले तंबू पाठीला बांधून डोंगर चढतात, रात्री जिथं जागा मिळेल तिथं झोपतात आणि सकाळी घडी करून पुढं निघतात. म्हणजे आपल्यासारखंच की, मेंढरं तेवढी न्हाईत! त्यातल्या त्यात स्वस्त बघून त्यानं एक मागवला आणि आखाडा बाळापूरहून स्वतः जाऊन घेऊन आला. तंबू एका हातावर आणि नुकतं जन्मलेलं कोकरू दुसऱ्या हातावर धरून तो आईपुढं उभा राहिला. "सांग माय, जड कोण?"

कोकरूच जड होतं. कौशल्याबाईनं ते कबूल केलं नाही, हा भाग वेगळा.

तसा तंबू हौसेनं आलेला नव्हता. पाल, म्हणजे जुना ताडपत्रीचा तंबू, वाहणारी घोडी मागच्या साली मेली. ताडपत्री, बांबू, लोखंडी खुंट्या, भांडीकुंडी असं सगळं बिऱ्हाड त्याच्या बायकोच्या, सुकन्याच्या डोक्यावर आलं, आणि कडेवर राजनंदिनी. पोरगी आत्ता कुठं पालथी पडायला लागली होती. नाव बापानं ठेवलेलं. "नाव पोरीपेक्षा लांब हाय," म्हणत आजी तिला नुसतं ठकी म्हणायची. ओली बाळंतीण असं ओझं वाहते, हे शिवहारच्यानं बघवेना. कौशल्याबाईला लेकाचं मन कळत होतं, बरंही वाटत होतं. आपल्यासाठी असा जीव कुणी टाकला नव्हता, हेही मनात येऊन जायचं. पण म्हणून काय वाऱ्याचं घर बांधायचं?

मायलेकांची ती रोजचीच झकाझकी. तो तिला चिडवायचा, ती त्याला. एकमेकांवर मात करायची दोघांनाही भारी खोड. सुकन्या बिचारी मधे हसत बसायची. त्या बिऱ्हाडाचं सुख म्हणाल तर हेच होतं.

चैत्र सरत आला होता. संतराम पाटलाच्या रानात त्यांनी खतासाठी मेंढरं बसवली होती. हळद निघालेली, रान मोकळं. शेजारच्या तुकड्यात संतरामची बायको चतुराबाई गड्यांना घेऊन हळद शिजवत होती. त्या वाफेचा वास दिवसभर अंगाला चिकटून राहायचा. सावलीला म्हणावं तर सबंध रानात दोनच झाडं: बांधावरचा एक खुरटा पळस आणि विहिरीच्या काठचा मोठा लिंब. विहिरीला कठडा नव्हता. कालव्याला पाणी सुटलेलं असल्यामुळं ती भर उन्हाळ्यात अर्ध्याच्या वर भरलेली होती. पाणी काळं, वर पाचोळा.

कौशल्याबाईला त्या जागेची पहिल्या दिवसापासून धास्ती वाटत होती. तंबूचं कापड वाऱ्यानं फडफडलं की मेंढरं बुजायची. जुन्या पालाला कधी बुजली नव्हती. पालाला तर ती अंग घासायची. काळ्या कुत्रा पालाच्या तोंडाशी आडवा पडायचा, पण ह्या तंबूकडं तो लांबूनच बघायचा, जवळ यायचा नाही. आणि दुपार झाली की वावटळी उठायच्या. रानाच्या टोकाला धूळ गरगरायची, पाचोळा घेऊन उभी राहायची, इकडं तिकडं बघितल्यासारखी करायची आणि विरायची. कौशल्याबाई तिकडं थुंकायची. "ही बया काहून रोज हितं येऊन राहिली?"

त्यात खिळ्यांची तऱ्हा! जमिनीला भेगा गेलेल्या. बारीक खिळा ठोकला की निम्मा भेगेत, ओढला की हातात. पहिले दोन दिवस शिवहारनं ते इमानेइतबारे ठोकले. पण उन्हासोबत सावली सरकायची, सावलीसोबत तंबू सरकवायचा. दर वेळी कोण ठोकत बसणार? सुकन्या एका हातानं तंबू उचलायची, दुसरीकडं ठेवायची. त्याचंच तर कौतुक होतं. मग खिळे पिशवीतच राहायला लागले.

"आरं, निदान एखांदा धोंडा तरी ठेव आत," कौशल्याबाई म्हणाली.

"कापड फाटतंय माय. अन् आत माणूस असलं की खिळे कशाला लागतेत?"

"माणूस? ठकी काय माणूस हाय व्हय? तुपल्या कोकराएवढा जीव!"

"तू जुन्या पालाचीच पोरगी हायेस बघ," शिवहार हसला, आणि मेंढरं घेऊन चालता झाला.

त्या दिवशी सकाळी एक मेंढी व्याली. दोन कोकरं झाली, दोन्ही बारकी. मेंढपाळाच्या रीतीप्रमाणं कौशल्याबाईनं ती पळसाखाली डालग्यात झाकली. डालगं म्हणजे बांबूची मोठी टोपली. उपडी घालायची, वर दगड ठेवायचा. आत गार राहतं, कावळा नाही, कुत्रं नाही. तिनं स्वतःचं लेकरूही कित्येकदा असंच झाकलं होतं. शिवहार त्या टोपलीखालीच रांगायला शिकला, असं ती सगळ्यांना सांगायची.

दुपारी सुकन्यानं पोरीला पाजून तंबूत निजवलं, चेन लावली आणि धुणं घेऊन कालव्यावर गेली. शिवहार रानाच्या पार पलीकडच्या टोकाला मेंढरं चारत होता. तंबू लिंबाखाली होता. लिंबापासून विहीर काही फार लांब नव्हती.

कौशल्याबाईचं मन लागेना. तिनं जाऊन चेन उघडली. आत भट्टी झालेली. पोरगी घामानं निथळत होती, केस कपाळाला चिकटलेले. "आगं माझी बाई! तुपल्या बापानं तुला हळदीसारखी शिजवायला ठेवली का काय?" तिनं पोरीला छातीशी धरलं, पळसाखाली आणलं, डालगं उचललं. आता कोकरांचं काय करायचं? तिला खुदकन हसू आलं.

तिनं दोन्ही कोकरं नेली, तंबूत निजवली आणि चेन ओढली. इकडं पोरीला डालग्याखाली झाकलं, वर दगड ठेवला आणि शेजारी टेकली. सांजच्याला शिवहार येईल, लाडानं चेन उघडील, आणि आतून 'बें' असं येईल! त्याचं तोंड कसं होईल, याचा विचार करून ती एकटीच हसत होती. मग ती म्हणणार होती, "बघ रे, कोकरापुरतं घर आणलंस, कोकरंच राहू लागली."

कालव्यावर जाऊन सुनेला सांगावं, असं तिच्या मनात आलं नाही असं नाही. पण मग मजा काय राहिली?

वावटळ आली ती चतुराबाईच्या चुलवाणाकडून. आधी राख उडाली. मग हळदीचा पाला वर चढला, आणि ती पिवळी धूळ ह्या वेळी विरली नाही, सरळ रानात शिरली. कौशल्याबाई डालग्यावर पालथी पडली. दोन्ही हातांनी बांबू आवळून, डोळे मिटून ती देवाचं नाव घेत राहिली. पाठीवरून काहीतरी सळसळत गेलं. खालून पोरीचा श्वास ऐकू येत होता.

डोळे उघडले तेव्हा लिंबाखाली तंबू नव्हता. तो रानात घरंगळत होता, उचलला जात होता, टेकत होता. विहिरीच्या काठावर क्षणभर अडला आणि आत गेला.

"गेली बाई कोकरं," ती म्हणाली. तिला हळहळ वाटली, आणि खोटं कशाला बोला, जरा बरंही वाटलं. आता तरी लेकाचे डोळे उघडतील.

मग तिला लेक दिसला.

रानाच्या पलीकडून शिवहार धावत येत होता. पायात चप्पल नव्हती, हातात काठी नव्हती. असा तो जन्मात धावला नव्हता. तो डालग्याकडं बघत नव्हता. कशाला बघेल? डालग्याखाली कोकरं असतात, हे त्याला कुणी सांगायला लागतं का? त्याच्या लेखी त्याची पोरगी तंबूत होती.

कौशल्याबाई ओरडली. "शिव्हाऱ्याऽऽ! न्हाई रे! हितं हाय! हितं हाय लेकरू!" ती उठली, पडली, पुन्हा उठली. वाऱ्यानं तिचा आवाज तोंडातच कोंबला. मेंढरं बोंबलत होती, काळ्या भुंकत होता. शिवहारला पोहता येत नव्हतं. मेंढरं धुवायला कमरेएवढ्या पाण्यात उतरायचा, तेवढंच. तरी तो काठावर थांबला नाही.

ती विहिरीशी पोचली तेव्हा तंबू फुगून पाण्यावर तरंगत होता, आणि शिवहार त्याला धरून होता. तेवढ्या हवेवर तो तरला असता. आत कोकरं ओरडत होती. "सोड ती चेन! उघडू नगं! लेकरू वर हाय रे, वर!" ती काठावर आडवी पडून ओरडली. त्यानं वर बघितलंच नाही. चेन अडकली होती. त्यानं दातांनी जाळी फाडली. एक कोकरू बाहेर आलं. दुसरं आलं. त्यानं आत हात घातला, मग डोकं घातलं, मग तो आख्खाच आत शिरला, पोरीला शोधायला. कापडातली हवा निघाली.

कौशल्याबाई मागं पळाली. डालगं लाथेनं उडवलं, पोरगी उचलली आणि काठावर आणली. पोरगी झोपेत हसत होती. आजीनं तिला जन्मात पहिल्यांदा चिमटा काढला, जोरात. पोरीनं टाहो फोडला. तो टाहो विहिरीत उतरला, घुमला, परत वर आला.

"ऐक रे राजा! ऐक! रडून राहिली तुपली राजनंदिनी!"

पाण्यावर नारिंगी कापड सपाट पसरलं होतं. कडेकडेनं दोन कोकरं पोहत होती. कापडाखाली एका जागी उंचवटा आला, हलला, आवाजाच्या दिशेनं थोडा सरकला. मग कापड पुन्हा सपाट झालं.

ती पोरीला चिमटे काढत राहिली. चतुराबाईच्या गड्यांनी येऊन पोरगी तिच्या हातातून सोडवली, तेव्हा लेकराची मांडी लाल झाली होती. संतरामनं दोर आणला, गळ टाकला. त्यानंतरचं सांगण्यासारखं काही नाही.

दिवस घातले. औंढ्याहून, हिंगोलीहून सोयरेधायरे आले. जो तो कौशल्याबाईपुढं हात जोडी. "म्हातारीला देवानंच बुद्धी दिली. लेक गेला, पर तिनं नात राखली." बायका तिच्या पायाला हात लावत. ती कुणाकडंच बघत नव्हती. सुकन्या मांडीवर पोर घेऊन कोपऱ्यात बसायची, डोळे कोरडे.

माणसं पांगली त्या सांजेला सुकन्या आपणहून सासूजवळ येऊन बसली. पोरगी त्या दोघींच्या मधे हातपाय उडवत पडली होती. पोरीच्या मांडीवरचे डाग आता पिवळे पडले होते.

"आत्याबाई, तुमी लेकराला काढलं, लई चांगलं केलं," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "पर कालवा काय लांब होता? मला हाक काहून मारली न्हाई? त्यास्नी काहून सांगितलं न्हाई?"

कौशल्याबाईनं तोंडाला पदर लावला.

"मला वाटलं बाई, सांजच्याला त्यो चेन उघडंल, अन् आतून कोकरं वरडतेल," ती म्हणाली. "अन् आपुन समदे हासू."