उलट्या तारखेचा फोटो

आमच्या घरात एक कॅमेरा घ्यायला तीन रविवार लागले आणि तिन्ही रविवारी माझं डोकं फिरलं. मी भिमाबाई, अंबरनाथच्या बुवापाड्यात राहते. महिला मंडळातल्या सगळ्या माझ्या तोंडाला घाबरतात, पण आमच्या ह्यांच्यापुढे ते तोंड काही चालत नाही. हे भांडतच नाहीत, गप्प बसतात. गप्प माणसाशी भांडून बघा एकदा, आपणच दमतो.

झालं असं, की २००५ साली हे कारखान्यातून रिटायर झाले आणि आमच्या विहारातल्या लोकांनी जानेवारीत बुद्धगयेची सहल ठरवली. दोघांची नावं मीच लिहून आले. आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या लांब जायचं होतं. तर हे म्हणाले, "कॅमेरा घेऊ. तिथे पिंपळाखाली तुझा फोटो मी काढणार. मी स्वतः."

मी "बरं" म्हटलं, पण नजर गेली ती ह्यांच्या खिशाकडे. कारण ह्यांचा उजवा हात. चौऱ्याऐंशी साली प्रेस मशीनखाली अंगठ्याशेजारची दोन बोटं गेली. पाड्यात सगळ्यांना ठाऊक आहे, पण बोलत कोणी नाही, कारण ह्यांनी कधी बोलूच दिलं नाही. हात कायम पँटच्या खिशात. विहारात वंदना चालू असली की सगळे हात जोडून उभे, हे मागे खांबाच्या आडोशाला. आणि फोटो काढायचा असला की ह्यांच्या उजव्या बाजूला मी. आमच्या संध्याच्या लग्नात फोटोवाला चारदा म्हणाला, "मावशी, डावीकडे या ना." मी हलले नाही. पदर असा पुढे घेतला की त्यांचा हात झाकून गेला. संध्याच्या त्या अल्बममध्ये तिच्या बापाला डावाच हात आहे.

आता मला सांगा, कॅमेऱ्याचं बटन कुठे असतं? उजवीकडे. आणि दाबायचं कशाने? जे बोट ह्यांना नाही, त्याने.

पहिल्या रविवारी उल्हासनगरला गेलो. तिथे दोन नंबरच्या कॅम्पात लछमनदास शेठचं दुकान आहे, सोबत आमचा मुकेश. मुकेश कॉल सेंटरला कामाला, त्याच्या डोक्यात एकच. "पप्पा, रोलवाला आता कोण घेतं? डिजिटल घ्या. फोटो लगेच दिसतो, खराब आला तर डिलीट." शेठने काचेवर डिजिटल मांडले, चपटे, चकचकीत, साबणाच्या वडीएवढे. ह्यांनी एकालाही हात लावला नाही. लांबूनच म्हणाले, "हा फार हलका दिसतोय, टिकणार नाही." दुसरा दाखवला तर "ह्याचा रंग डोळ्यांवर येतो." तिसरा दाखवला तर "हा जड असेल."

"अहो, हात न लावता जड कसा कळला तुम्हाला?" मी दुकानातच तोंड सोडलं. "मला बघायला आलात तेव्हा एवढ्या खोडी नाही काढल्या!"

शेठ हसला. "भाभी, आराम से. माल इधरच है, किधर जाता नहीं."

दुसऱ्या रविवारीही तेच. बारा हजारांचा नको, आठ हजारांचा नको, ह्याला चार्जिंग लागतं, तो कॉम्प्युटरला जोडावा लागतो. मुकेश वैतागून मित्राकडे निघून गेला. आम्ही दोघं समोरच्या गाडीवर दाल पकवान खायला उभे राहिलो. डाव्या हाताने पकवान मोडत हे हळूच म्हणाले, "भिमा, माझं नाव काढून टाक यादीतून. तू जा बायकांबरोबर."

माझा घास तोंडातच राहिला. एकवीस वर्षं मी तो हात पदराखाली घेतला, एक शब्द काढला नाही. पण त्या दिवशी राहवलं नाही.

"हाताचं आहे ना?" मी म्हणाले. "कॅमेऱ्याला कशाला नावं ठेवता? त्या शेठसमोर हात काढायची लाज वाटते, एवढंच आहे ना? मग काढू नका! तुमच्या फोटोवाचून माझं काही अडत नाही. पण गेलो तर आपण दोघं जाऊ, नाहीतर दोघंही घरी बसू, सांगून ठेवते."

त्यांनी उरलेलं पकवान तसंच ठेवलं, पैसे दिले आणि रिक्षा थांबवली. मला वाटलं, फार लागलं वाटतं. वाईट वाटलं, पण शब्द परत कसा घेणार?

मग आठवडाभर बघते तर काय, दुपारी हे खिडकीशी बसून नव्या साबणाचा खोका हातात घेऊन काहीतरी करतायत. असा धरायचा, तसा धरायचा, डोळ्याला लावायचा, खाली घ्यायचा. मी विचारलं, "अंघोळ राहिली का?" तर नुसते हसले. कारखान्यात अपघातानंतर ह्यांना टूलरूमला टाकलं होतं. एक काम सरळ जमेना की सुटं करून उलटं बांधायचं, ही ह्यांची जुनी खोड. ते मला तेव्हा आठवलं नाही.

तिसऱ्या रविवारी स्वतःच म्हणाले, "चल." मुकेशला घेतलंच नाही. दुकानात गेल्या गेल्या म्हणाले, "शेठ, रोलवाला दाखवा. जरा जाडसर."

शेठने खालच्या कपाटातून एक काळा कॅमेरा काढून पुसून ठेवला. आणि ह्यांनी खिशातून उजवा हात काढला. सरळ काचेवर ठेवला. शेठने हाताकडे पाहिलं, मग कॅमेऱ्याकडे पाहिलं, आणि काही बोलला नाही. बरं केलं. बोलला असता तर मी त्याला सोडला नसता.

ह्यांनी कॅमेरा उचलला आणि चक्क उलटा केला. वरचं खाली. बटन आलं डावीकडे, तळाला, आणि डावा अंगठा बरोबर त्याच्यावर बसला. उजव्या हाताच्या उरलेल्या बोटांनी दुसरं टोक सावरलं. डोळ्याला लावून माझ्याकडे रोखला.

"अंकल, उल्टा पकड़ा है," शेठ म्हणाला.

"फिल्मला काय कळतंय वर कुठलं नि खाली कुठलं?" हे म्हणाले. "फोटो धुऊन आला की फिरवून बघायचा."

शेठने स्वतः उलटा धरून पाहिला. मग मान हलवत म्हणाला, "बत्तीस साल से कॅमेरा बेचता हूँ, ये कभी सोचा नहीं." त्याने आत तारीख लावून दिली, फोटोच्या कोपऱ्यात उमटते म्हणाला, आणि दोन रोल फुकट दिले. रिक्षात ह्यांनी कॅमेऱ्याची पिशवी मांडीवर धरली होती. दोन्ही हातांनी.

बुद्धगयेला ह्यांनी माझा फोटो काढला, पिंपळाखाली, बोलले होते तसा. गुडघे वाकवून, डोळा मिटून, एवढा वेळ लावला की मागे लोक थांबले. मला रडू येत होतं आणि हे म्हणतात, "हलू नकोस." मग कॅमेरा माझ्या हातात देऊन म्हणाले, "आता माझा काढ."

मी कॅमेरा कधी धरला होता? ह्यांनी धरला तसाच धरला, उलटा. आमच्या सहलीतली रखमा म्हणाली, "अगं भिमे, उलटा आहे." मी तिलाच झापलं, "तुला जास्त कळतं का? शेठने बघून दिलाय!"

डोळा लावला. त्या बारक्या काचेत हे एकटेच उभे, एक हात खिशात. लोक मागून घाई करत होते. कोणालाही सांगावं तसं माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, हात जोडा की! कुठे उभे आहात माहीत आहे ना?"

बोलले आणि जीभ चावली. ह्यांच्या उजव्या बाजूला कोणी नव्हतं. तिथे नेहमी मी असते आणि मी तर कॅमेऱ्यामागे होते. पदर टाकायला कोण जाणार? मला वाटलं, धावत जाऊन उभं राहावं, कॅमेरा द्यावा रखमाकडे.

ह्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग खिशातून हात काढला, डाव्या हाताला लावला आणि छातीशी धरला. मी बटन दाबलं. फोटो हलला असेल असंच वाटत होतं, पहिलाच होता माझा.

हलला नव्हता. अंबरनाथ पश्चिमेला कमळाकरची फोटोची लॅब आहे, त्याच्याकडे रोल धुवायला दिला होता. कमळाकर ह्यांच्या ओळखीचा, त्याचा बाप ह्यांच्याच कारखान्यात होता. पाकीट पुढे करत म्हणाला, "काका, सगळा रोल उलटा काढलाय. तारीख बघा, वरच्या कोपऱ्यात, डोकं खाली करून."

आम्ही एकेक फोटो फिरवून बघत गेलो. ह्यांच्या त्या फोटोशी आलो आणि मी पुढचा घेईचना. डोळे मिटलेले, दोन्ही हात जोडलेले, आणि डाव्या हाताच्या बोटांसमोर उजव्या हाताला ती दोन बोटांची मोकळी जागा.

"हा मोठा करून दे," मी म्हणाले. "भिंतीला लावायचाय."

कमळाकरने फोटो उजेडात धरला. थोडा घुटमळला. मनाने चांगला माणूस, त्याला सगळं माहीत. हळू आवाजात म्हणाला, "काका, खांद्यापर्यंत घेतो ना? चेहरा मस्त आलाय. हात नाही येणार त्यात, आणि ती उलटी तारीख पण कापली जाईल."

मी हो म्हणणारच होते. खरं सांगते, मान हलवलीच होती मी. एकवीस वर्षांची सवय.

"नको," हे म्हणाले. "हात राहू दे. तारीख पण राहू दे, हिने काढलाय तो."

फोटो आता घरात शिरल्या शिरल्या दिसतो. येणारा पाहुणा विचारतोच, तारीख उलटी कशी? मग हे उठतात, कपाटातून कॅमेरा काढतात आणि कसा धरायचा ते करून दाखवतात. मी चहा ठेवते. आणि हल्ली फोटो काढायचा असला की मी कुठल्याही बाजूला उभी राहते.