ऑरिन टॅकेटची टिप

पत्ते मोजणाऱ्याने डीलरला टिप द्यावी की नाही, हे आमच्या रीनोत, या कसिनोंच्या गावात, कुणालाही विचारा. डीलर म्हणेल द्यावी, मोजणारा म्हणेल परवडत नाही. दोघंही खरं बोलतात, म्हणून तर हा वाद मिटत नाही.

मी माइते. सकाळच्या पाळीला ब्लॅकजॅकचे पत्ते वाटते. पगार नावालाच, घर चालतं ते टिपांवर. त्या आम्ही सगळे डीलर एका पेटीत टाकतो आणि नंतर वाटून घेतो. ऑरिन टॅकेट माझ्या टेबलावर कडेच्या खुर्चीत बसायचा आणि छदाम द्यायचा नाही. बेनी, माझ्या शेजारच्या टेबलावरचा फिलिपिनो डीलर, त्याला चिंगूस म्हणायचा.

त्याचा धंदा साधा होता. छोटे पत्ते निघून गेले की उरलेल्या कॅटमध्ये दश्श्या, राजे, एक्के जास्त राहतात. तेव्हा जास्त पैसे लावायचे, एरवी कमी. यात बेकायदा काही नाही, पण कसिनोने ओळखलं की दार दाखवतात. गावातल्या बाकी सगळ्या कसिनोंनी त्याला दार दाखवलं होतं. उरलो होतो आम्ही. गाव सोडावं तर बायको, व्हर्ना, इथल्याच शुश्रूषागृहात. तिला आता कुणी ओळखू येत नव्हतं, पण दुपारी ऑरिनने भरवलं तरच ती जेवायची. त्या शुश्रूषागृहाचा खर्च माझ्या टेबलावरून निघत होता.

एकदा कॉफीच्या काउंटरवर मीच विषय काढला.

"ऑरिन, हरून रडकुंडीला आलेली माणसंसुद्धा आम्हाला काहीतरी देऊन उठतात. तुम्ही देत नाही. वर कॅमेरे आहेत, न देणारा लगेच डोळ्यात भरतो."

"देत बसलो तर मला काय उरणार?"

"ते तुमचं तुम्ही बघा. मी आपलं सांगितलं."

दुसऱ्या दिवसापासून तो द्यायला लागला. आमच्याकडे रीत अशी, की खेळणाऱ्याने स्वतःच्या पैशांपुढे एक चिप, म्हणजे पैशांऐवजी चालणारी कसिनोची चकती, ठेवली की ती डीलरची. तो जिंकला तर डीलरला दुप्पट, हरला तर तीही कसिनोची. मला बरं वाटलं. मग लक्षात आलं, की हा बाबा कॅट चांगला असेल तेव्हाच माझी चिप पुढे करतो. म्हणजे देतानाही हिशेब. एवढा हुशार माणूस, आणि स्वतःच्या गळ्यात घंटा बांधून बसला होता.

"ताई," बेनी म्हणाला, "त्याने तुझी चिप ठेवली की त्याच्या शेजारच्या खुर्चीतली बाईसुद्धा पैसे वाढवते. आता आंधळ्यालाही दिसेल."

मी ऑरिनला बाजूला घेतलं. "कॅट वाईट असतानाही द्या की एखादी."

"ती तर जाणारच." त्याला खरोखर कळत नव्हतं. "जाणार हे माहीत असून टाकायची?"

"टिप म्हणजे तेच असतं, अहो," मी म्हटलं आणि तिथून निघाले. राग आला होता मला.

लॉरेटा, आमची पिट बॉस, म्हणजे सगळ्या टेबलांवर देखरेख ठेवणारी, आंधळी नव्हती. गुरुवारी सकाळी ती माझ्या कानाशी वाकली. "त्याने तुझ्यासाठी चिप ठेवली, की लगेच कॅट पिस. मोजत असेल तर पैसे मागे घेईल. घेतले की मी उठवते त्याला, कायमचा."

मी मान हलवली. खुणेनं सावध करणाऱ्या डीलरला दुसरीकडेही काम मिळत नाही.

एकामागून एक छोटे पत्ते गेले. ऑरिनने चिपांची मोठी चळत लावली, तिच्यापुढे माझी एक ठेवली. मी पत्ते गोळा केले आणि पिसायला घेतले.

त्याला कळलं. नव्या कॅटमध्ये त्याचं काहीच चालणार नव्हतं. त्याचा हात चळतीकडे गेला. पण मागे पैसे नसले तर डीलरची चिपही राहत नाही. स्वतःचे घ्यायचे तर आधी माझी, माझ्या डोळ्यांदेखत, उचलायला हवी होती. त्याची बोटं तिच्यावर टेकली. लॉरेटा माझ्या मागे उभी होती. मी नुसती पत्त्यांकडे बघत राहिले.

"राहू दे," तो पुटपुटला. "तुला दिलीय ती." आणि हात मांडीवर घेतला.

मी पत्ते वाटले. त्याचे सोळा झाले. त्याने आणखी एक मागितला, तर राजा आला, म्हणजे आणखी दहा; एकवीसच्या वर गेला की हरला. मी चळत ओढली, माझी चिपही ओढली आणि दोन्ही कसिनोच्या ट्रेमध्ये टाकल्या.

"कसला मोजणारा," लॉरेटा माझ्या कानात म्हणाली. "बावळट आहे नुसता. बसू दे." आणि ती निघून गेली.

"थँक्यू, ऑरिन," मी म्हटलं. टिप हरली तरी आम्ही म्हणतो. त्याने पांढऱ्याफटक चेहऱ्याने मान हलवली आणि व्हर्नाला भरवायला गेला. दुसऱ्या दिवशी खुर्ची त्याचीच होती.

त्या गुरुवारी पाळी संपल्यावर आम्ही टिपांची पेटी उघडली.

"आज चिंगूसने काय दिलं?" बेनीने विचारलं.

पेटीत त्याची एकही चिप नव्हती.

"त्याला चिंगूस म्हणू नकोस," मी म्हटलं.