सुदर्शनाचं एक पान

गुणवंतराव कचेरीत अव्वल कारकून होते, पण घरी मात्र ते सुदर्शनाचे नोकर. अंगणात अर्ध्या पिंपात लावलेला त्या फुलझाडाचा कांदा त्यांनी चार वर्षं जोपासला होता. रोज सकाळी हातभर लांब पानं उलटून ते काळ्या-पांढऱ्या अळ्या चिमट्याने टिपत, मग ओल्या मलमलीने एकेक पान पुसत. त्यांची बायको सरोजिनी म्हणे, "माझ्या कपाळाला कधी इतक्या मायेनं हात लागला नाही."

यंदा कमरेएवढा दांडा आला, टोकाला पांढऱ्या कळ्यांचा झुबका. पुढच्या रविवारी साहेबलोकांच्या बागेत कुंड्यांचं प्रदर्शन होतं. पानाला ओरखडा दिसला तरी परीक्षक कुंडी बाद करत. कचेरीतल्या ज्या साहेबाने बारा वर्षांत 'बाबू'पलीकडे हाक मारली नव्हती, तो बक्षीस देताना त्यांचं नाव घेणार होता. गुणवंतरावांचा सगळा जीव त्या एका हाकेत अडकला होता.

प्रदर्शनाला आठ दिवस असताना शेजारच्या राधाबाई कुंपणाशी आल्या.

"भाऊजी, एक पान द्या ना. नातीचा, शकुचा, कान ठणकून राहिला. पान गरम करून रस घालते."

कानाच्या दुखण्याला सुदर्शनाचा रस घरोघरी चाले. त्या गल्लीत दुसरं झाड नव्हतं, आणि असं पान कुणी कुणाला नाकारत नसे.

"काहून नाही देणार, वहिनी? पण कालच अळ्या मारायला तंबाखूचं पाणी शिंपडलं त्याच्यावर. विष झालं ना ते आता."

तंबाखूचं पाणी त्यांनी जन्मात शिंपडलं नव्हतं.

"अगोबाई! बरं झालं सांगितलं. तुम्हीही हात धुऊनच जेवा बरं," म्हणून राधाबाई परतल्या. सरोजिनी ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली, नवऱ्याकडे पाहिलं आणि पुन्हा सुपात पाहू लागली. गुणवंतरावांना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

शकुचा कान फुटला.

रविवारी पहिलं बक्षीस मिळालं. साहेबाने नाव घेतलं, तेही वेडंवाकडं. टांग्यातून पिंप उतरवताना गल्ली गोळा झाली. राधाबाई कानात कापूस घातलेल्या शकुला घेऊन आल्या आणि सगळ्यांना सांगू लागल्या, "भाऊजी देवमाणूस! त्यांनी वेळेवर अडवलं, नाही तर मीच पोरीच्या कानात विष ओतलं असतं."

लोकांनी माना डोलावल्या. गुणवंतरावांना वाटलं, यापेक्षा कुणी तोंडावर थुंकलं असतं तर सोसलं असतं. पानाने कान बरा झाला असता की नाही, देव जाणे. पण नाही म्हणणारे ते होते. लाजेने त्यांचे कान तापले.

गर्दी पांगल्यावर शकु फुलाजवळ रेंगाळली. ते तिच्याशेजारी उकिडवे बसले आणि कसंबसं पुटपुटले, "शकु, मी खोटं बोललो गं. पान द्यायचं नव्हतं मला."

ती फुलाकडेच पाहत होती. मग त्यांची चाहूल लागून वळली.

"काय म्हणाले काका? इकडून बोला ना. त्या कानानं ऐकू नाही येत."

गुणवंतरावांनी तोंड उघडलं, पण तेच दुसऱ्यांदा बोलायला जीभ रेटेना.

"काही नाही," ते म्हणाले, "फूल पाहिजे का, विचारलं."