नोरीनवहिनींचा कॉम्प्युटर

दर नाताळात मी ऑस्ट्रेलियात बॅलरॅटला भावाकडे जातो आणि नोरीनवहिनींचा कॉम्प्युटर सुधारून देतो. गेल्या वर्षीपासून त्यांचा प्रिंटर बंद आहे, पण तो योगायोग.

यंदा विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्सची सीडी नेली. म्हटलं, "वहिनी, काही बसवायचं नाही. सीडीवरूनच चालतं."

त्यांनी दुपारभर त्यावर बसून चर्चच्या विक्रीसाठी फ्रूटकेकची कृती टाइप केली. मग मी ऐटीत सीडी काढून कॉम्प्युटर पुन्हा चालू केला. कृती गायब.

"बंद केलं की ते सगळं विसरतं," मी पुटपुटलो.

"म्हणजे त्यात कुणी कितीही खुडबूड केली तरी माझा कॉम्प्युटर होता तसाच?"

"अगदी तसाच."

वहिनींनी सीडी पदराआड धरावी तशी एप्रनच्या खिशात जपून ठेवली. "भाऊजी, पुढच्या नाताळापासून खुडबुडीला तुम्हाला हीच."